प्लॅन आहे, विचारायचं कोणाला?

ऑफिसात एसी अठरावर ठेवून आपण ग्लोबल वॉर्मिंगवर मस्त गप्पा मारतो. पण बॉस, खरी गंमत पालिकेत झाली. मार्च २०२२मध्ये मुंबईचा क्लायमेट अॅक्शन प्लॅन आला. टार्गेट : २०५०पर्यंत नेट झीरो. त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६मध्ये! म्हणजे जवळजवळ चार वर्षं झाडं, नाले, कचरा यांचा जाब सभागृहात विचारायला कुणी निवडून दिलेलं नव्हतंच. आता २२७ जण आहेत. माझ्या नगरसेवकाचा नंबर मी सेव्ह केलाय. गटार तुंबायची वाट न बघता, बजेट मांडलं की लगेच फोन : आपल्या वॉर्डातल्या नाल्यांना, झाडांना किती? तुम्ही कधी करताय?