काळजीचे टोमणे

"किती काळवंडलीस गं उन्हात!" "आता मोठी झालीस, अजून धावतेस?" "दंड बघ, मुलांसारखे झालेत." ईदच्या दस्तरखानावर, लग्नाच्या मांडवात ही वाक्ये मी कितीदा तरी ऐकली आहेत. बोलणाऱ्या खालाच्या किंवा चाचांच्या मनात वैर नसते, काळजीच असते. म्हणून तर त्यांना उत्तर देणे अवघड जाते.

निजामाबादची निखत झरीन 2022 मध्ये इस्तंबूलला आणि 2023 मध्ये दिल्लीत मुष्टियुद्धाची जगज्जेती झाली. सुरुवातीला तिच्या हाफ पँटवरून नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी तिच्या वडिलांना, मोहम्मद जमील यांना, टोकले होते. चेहऱ्याला मार लागला तेव्हा हिच्याशी आता लग्न कोण करणार, म्हणून आई रडली होती. निखतनेच हे मुलाखतींत सांगितले आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टोमणा मुलीवर असला तरी लागतो आई-वडिलांना. जमील स्वतः खेळाडू होते, ते डगमगले नाहीत. प्रत्येक घरात असे अब्बा नसतात. तिथे आधी बाहेरगावच्या स्पर्धा बंद होतात, मग संध्याकाळचा सराव, मग "यंदा दहावी आहे". मनाई कोणीच करत नाही. शेवटी मुलगीच म्हणते, "मलाच आता आवड राहिली नाही." आणि आपण तिचा निर्णय म्हणून तो मान्य करून टाकतो.

लिखित बंदीशी निदान लढता येते. फुटबॉलमध्ये डोके झाकून खेळण्यावर बंदी होती. फिफाने ती 2014 मध्ये उठवली आणि 2023 च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. टोमणा मात्र कुठे लिहिलेला नसतो. तो उठवायचा अर्ज कोणाकडे करणार?

आणि तो फक्त घरातूनच येतो असेही नाही. "तुमच्यात मुलींना खेळू देतात?" हे मैदानावरचे कौतुकही बोचतेच. हिजाब घातला तर "यात कशी धावणार?", नाही घातला तर "हे शोभतं का?" तिच्या कपड्यांवर सगळे बोलतात, खेळावर कोणीच बोलत नाही.

माझे म्हणणे तरुण भावांना आणि बहिणींना आहे. मोठ्यांशी भांडण नको. पण असे वाक्य पडले की गप्प बसू नका. तिथेच, हसत, पण स्पष्ट बोला. "खाला, ती जिल्ह्यात दुसरी आली, ते विचारा ना." आणि घरातली मुलगी सरावाहून आली की तिच्या रंगाकडे पाहू नका. आज किती सेकंद लागले, ते विचारा. तिचे खरे उत्तर तिथून सुरू होते.