कापड एक, नावं अनेक

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. सुई नाही, दोरा नाही, बटण नाही की काज नाही. बाही नाही, खिसा नाही, नाडीसुद्धा नाही. तरी दिवसभर कमरेवर घट्ट! सांगा पाहू काय?

शाबास! धोतर. शहरातल्या पुष्कळ मुलांनी धोतर पाहिलेलं असतं ते मुंजीत, लग्नात, नाहीतर गणपतीच्या पूजेला. पण बाजाराच्या दिवशी एखाद्या गावच्या एस.टी. स्टँडवर उभे राहा. पांढरं धोतर, सदरा आणि टोपी किंवा फेटा अशा वेषातले आजोबा अजूनही दिसतील.

आता एक गंमत बघा. सदरा आपण घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, पण धोतर? धोतर नेसतो. शिवलेला कपडा घालायचा आणि न शिवलेलं लांब वस्त्र कमरेभोवती नेसायचं, हा फरक आपल्या भाषेनं किती नेमका जपलाय! घरी मुद्दाम ‘धोतर घातलं’ म्हणून बघा. आजी लगेच चूक सुधारेल.

धोतर म्हणजे चार-साडेचार मीटर लांब कापड. कमरेला गुंडाळायचं, पुढे निऱ्या घालायच्या आणि एक टोक दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचायचं. तो कासोटा. पण कमरेला कापड गुंडाळणारे आपण एकटेच नाही बरं का. चला, आज या एका कापडाचं बोट धरून फिरून येऊ.

पहिला मुक्काम सोलापूर. इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानावर पडतात. आपण मराठीत ‘पंचा’ म्हणतो तो आखूड. अंग पुसायला किंवा आंघोळीनंतर गुंडाळायला. पण कन्नड आणि तेलुगू बोलणारे ‘पंचे’ म्हणतात ते चक्क धोतराला! म्हणजे ‘आजोबा पंचे नेसून लग्नाला गेले’ हे ऐकून मराठी मुलगा डोळे मोठे करील आणि तेलुगू मुलगा म्हणेल, ‘मग? लग्नाला आणखी काय नेसणार?’

तिथून तमिळनाडूत उतरू. इथे कापड कमरेभोवती गुंडाळतात आणि त्याला वेष्टी म्हणतात. ऐकल्याबरोबर आपल्याला वहीचं वेष्टन आठवतं ना? संस्कृतात ‘वेष्ट्’ म्हणजे गुंडाळणं, त्यावरून हे नाव आलं असं काही अभ्यासक सांगतात. दुसरे म्हणतात, छे, तमिळमध्ये ‘वेट्टु’ म्हणजे कापणं. मागावरून कापून घेतलेलं कापड म्हणून ‘वेट्टी’. दोन्ही बाजूंची मंडळी आपापलं मत सोडायला तयार नाहीत. एका कापडाच्या नावावर माणसांचा किती जीव असतो पाहा!

शेजारच्या केरळात याच वस्त्राला मुंडू म्हणतात. पांढरा किंवा साईच्या रंगाचा, किनारीला कधी जरीची पट्टी. काम करताना, भरभर चालताना माणसं मुंडू गुडघ्यापर्यंत वर दुमडून घेतात. पण समोरून कुणी वडीलधारं माणूस आलं, की पटकन ती दुमड सोडून मुंडू पायापर्यंत खाली करतात. तो नमस्कारच असतो, न बोलता केलेला.

केरळात रंगीत, चौकड्यांचं कापडही नेसतात. त्याला कैली किंवा लुंगी म्हणतात. ती घरात बसायला, कामाला. लग्नाला आणि देवळात जायला मात्र मुंडू. आता या माणसाच्या लग्नातल्या जरीच्या मुंडूला आपण ‘लुंगी’ म्हटलं, तर त्याला कसं वाटेल? आईच्या पैठणीला कुणी ‘घरातलं जुनं पातळ’ म्हटलं तर आईला जसं वाटेल, अगदी तसं!

आणि ‘लुंगी’ या शब्दाची तर आणखी मजा आहे. पेशावर आणि अफगाणिस्तानाकडच्या पठाणांमध्ये लुंगी म्हणजे डोक्याला बांधायचा फेटा. कुठे कंबर आणि कुठे डोकं! पूर्वेला म्यानमारमध्ये जा, तिथे लोंजी. ती पुरुषही नेसतात आणि बायकाही. पुरुष गाठ पुढे मारतात, बायका कापड बाजूला दुमडून खोचतात. आणखी पुढे इंडोनेशिया आणि मलेशियात सारोंग. तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थ म्यान किंवा आवरण. उशीच्या अभ्र्याला इंडोनेशियात म्हणतात ‘सारुंग बंताल’, म्हणजे उशीचा सारोंग! हातमोजा म्हणजे हाताचा सारोंग. आहे की नाही झकास?

आता पश्चिमेला एक लांब उडी मारू, थेट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात. तिथले पुरुष किल्ट नेसतात. जुना किल्ट म्हणजे एक लांबरुंद लोकरी कापडच. चुण्या घालून कमरेला पट्ट्यानं आवळायचं आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचं. ‘किल्ट’ या शब्दाच्या मुळाशी कपडा वर खोचणं असाच अर्थ आहे. आपल्याकडे काम करताना पदर खोचतात ना, तसं. त्याला कुणी ‘बायकांचा स्कर्ट’ म्हटलं, की स्कॉटिश माणसाला मुळीच खपत नाही.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, ‘बाई, नावात काय एवढं? धोतर काय नि लुंगी काय, शेवटी कापडच ना?’

तर मग नीट ऐका.

या स्कॉटलंडमधल्या डोंगरी लोकांनी ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंड केलं आणि १७४६ मध्ये ते हरले. त्याच वर्षी सरकारनं कायदा केला, की तिथल्या पुरुषांनी आणि मुलांनी किल्ट नेसायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग. पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी! हा कायदा रद्द व्हायला १७८२ साल उजाडलं. नुसतं कापड असतं, तर सरकार त्याला एवढं घाबरलं असतं का?

आपल्या गांधीजींचं उदाहरण घ्या. देशातल्या गरिबांना अंगभर कापड मिळत नाही, म्हणून सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी सदरा-टोपी सोडली आणि आखूड पंचा स्वीकारला. इंग्लंडमधल्या चर्चिलसाहेबांना १९३१ मध्ये त्यात दिसला तो अर्धनग्न फकीर. कापड तेच. आपल्याला त्यात गरिबांविषयीची माया दिसली आणि चर्चिलना फक्त उघडे पाय. त्याच वर्षी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि तिथल्या राजवाड्यात राजाला भेटले. कोणत्या वेषात? त्याच!

हे झालं जुनं. पण २०१४ मध्ये चेन्नईत काय घडलं? उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश पुस्तक प्रकाशनासाठी एका क्लबमध्ये गेले. अंगात शर्ट आणि कमरेला वेष्टी. दारावरच त्यांना अडवलं! का? तर वेष्टी इथल्या नियमात बसत नाही. तमिळनाडूत, तमिळ माणसाला, तमिळ वेषात मज्जाव! लोक फार चिडले. त्याच वर्षी राज्याच्या विधानसभेनं कायदा केला, की वेष्टी नेसली म्हणून सार्वजनिक जागी कुणालाही अडवायचं नाही.

आणि दूर कशाला, आपल्या मुंबईतही १९६० च्या दशकाच्या अखेरीला दक्षिणेकडून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांविरुद्ध घोषणा दिल्या गेल्या. त्यांत ‘लुंगी’ हा शब्द त्या माणसांना हिणवायला वापरला गेला. कापडाचं नाव घ्यायचं आणि माणसाला टोचायचं. ज्या आपण आजोबांच्या धोतराला मान देतो, त्या आपण शेजारच्या काकांच्या मुंडूला हसायचं? हे काही बरोबर नाही.

समजा, उद्या तुमच्या वर्गात केरळची एक मुलगी आली. पालकसभेला तिचे वडील मुंडू नेसून आले. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं, ‘ते बघ, लुंगीवाले!’ त्या मुलीनं मान खाली घातली. पुढच्या सभेला ती वडिलांना ‘येऊ नका’ म्हणेल. एका चुकीच्या शब्दानं एका मुलीला आपल्याच वडिलांची लाज वाटायला लागेल. म्हणून म्हणते, नाव ही छोटी गोष्ट नाही.

मग करायचं काय? अगदी सोपं आहे. नवा वेष दिसला, की हसायचं नाही, विचारायचं. ‘काका, तुम्ही याला काय म्हणता?’ एवढं विचारून बघा. समोरच्याचा चेहरा उजळतो. मग नाव तर कळतंच, शिवाय ते कसं नेसायचं, कधी नेसायचं, त्यांच्या आजोबांकडे कसं होतं, सगळं कळतं. ज्याचं वस्त्र, त्यानंच नाव सांगायचं आणि आपण ते नीट उच्चारायचं.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलं अशी टिंगल बहुतेक वेळा मोठ्यांच्या बोलण्यातूनच उचलतात. तेव्हा घरात बोलताना जरा जपून.

आता या आठवड्याचा गृहपाठ. घाबरू नका, गुण नाहीत त्याला! वहीचं एक पान घ्या. त्यावर तीन रकाने आखा : वस्त्राचं नाव, ते कोण नेसतं, कधी नेसतं. पहिली ओळ आपल्याच आजी-आजोबांना विचारून भरा. धोतर, लुगडं, उपरणं, जे सांगतील ते. पुढच्या ओळी शेजारी, दुकानदारकाका, वर्गातले मित्र यांना विचारून भरा. किमान दोन नावं तरी दुसऱ्या भाषेतली हवीत. आणि हो, पान भरलं की वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याच्या घरचं नाव असेल, त्यालाच त्याचा उच्चार करू द्या.

– तुमच्या बाई