एक पौंडाचं कोठार



बँकेत तारण मालमत्तेचे मूल्यांकन अहवाल मी शेकड्यांनी वाचले. जुन्या वाड्याचा अहवाल असला की मुख्य इमारतीचं वर्णन दोन पानं चाले आणि शेवटी एक ओळ येई: "मागील बाजूस जुने कोठार व गोठा, मूल्य नगण्य." बँकेच्या हिशेबाने ती ओळ बरोबरच होती, कारण बँकेला फक्त कर्जवसुलीपुरतं पाहायचं असतं. पण हल्ली आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडच्या घरांनीही तीच ओळ आपली मानलेली दिसते, आणि ते मला पटत नाही. दर्शनी दरवाजा आणि देवघर सांभाळायचं, मागचं कोठार मात्र पहिल्या वाटणीतच पाडायचं!

माझं म्हणणं इंग्लंडमधल्या एका कोठाराच्या हकिकतीवरून सांगतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला लागूनच हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे. आपल्यापैकी कितीतरी जण मुलांकडे जाताना त्याच्या शेजारी उतरतात आणि पुढे निघून जातात. मुलीकडे गेलो असताना मी ते मुद्दाम पाहून आलो. तिथे एक मॅनर होती, म्हणजे आपल्याकडच्या जहागिरीसारखी शेतवाडी म्हणा. विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकम यांनी १३९१ साली ती घेतली आणि आपण काढलेल्या शाळेला, विंचेस्टर कॉलेजला लावून दिली. शेतीच्या उत्पन्नावर शाळा चाले. त्या शाळेने १४२६ च्या सुमारास हे कोठार बांधलं. पुष्कळ लोक याला दशांशाचं कोठार समजतात, पण चर्चला द्यायचं धान्य इथे साठत नसे. मॅनरच्या स्वतःच्या शेतातलं पीक इथे येई.

मापं ऐका. लांबी १९२ फूट, रुंदी ३७ फूट, उंची ३९ फूट. ओक लाकडाच्या १३ चौकटी आणि त्यांच्यामधले १२ खण. होय, आपण वाडा मोजतो तसंच तेही खणांवर मोजतात. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा आहे, लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण एक गोष्ट मला नवीन होती. खांबांसाठी झाडं उलटी उभी केली आहेत, बुंध्याकडचा जाड भाग वर. कारण अगदी व्यवहारी आहे. तुळई, वरचं लाकूड आणि खांब यांचे सांधे एकाच ठिकाणी येतात, तिथे खाचा पाडायला जाडी लागते. जिथे जोर जास्त, तिथे लाकूड जास्त. बाहेरून फळ्यांच्या भिंती, वर कौलं आणि एका बाजूला तीन मोठे दरवाजे. गाड्या सरळ आत येत, पेंढ्या दोन्ही अंगांना रचल्या जात आणि दरवाजासमोरच्या खणांत मळणी होई. म्हणजे कोठार आणि खळं एकाच छपराखाली.

कोरीव काम म्हणाल तर जवळजवळ नाहीच. तरीही आत उभं राहिलं की देवळाच्या सभामंडपात आल्यासारखं वाटतं. कवी जॉन बेटजमन यांनी त्याला मिडलसेक्सचं कॅथेड्रल म्हटलं, ते उगाच नाही. १९७० च्या दशकापर्यंत हे कोठार शेतीच्या कामात होतं. साडेपाचशे वर्षं! आणि आजही त्यातलं बहुतेक लाकूड मूळचंच आहे.

आता पैशाची बाजू. २००६ मध्ये हे कोठार एका कंपनीने फक्त १ पौंडाला घेतलं. आम्हा कॉमर्सवाल्यांना हा आकडा ओळखीचा आहे. घसारा लावून लावून मालमत्ता संपली की खातेवहीत ती १ रुपयाला दाखवून ठेवतात. हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीचा वाद तेव्हा पेटलेला होता आणि जागा गेली तर भरपाई मिळेल, यावर नजर असल्याचं बोललं जाई. इकडे कौलं सरकत होती, पाणी आत येत होतं. अखेर २००९ मध्ये तातडीच्या दुरुस्तीची नोटीस निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये इंग्लिश हेरिटेजने ते २०,००० पौंडांना विकत घेतलं. दुरुस्ती झाली. आज गावातलेच स्वयंसेवक ठरावीक रविवारी दार उघडतात आणि प्रवेशाला पैसे घेत नाहीत.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा की किंमत १ पौंड असो की २०,००० असो, इमारत टिकते ती छपराकडे लक्ष देणारं माणूस असलं तर. मालकीचा कागद पाणी अडवत नाही.

कोणी म्हणेल, काका, त्यांच्याकडे पैसा आणि कायदा दोन्ही आहेत, आमच्याकडे सतरा वारस आहेत. खरं आहे. प्रत्येक कोठार वाचवा असं मी म्हणतच नाही. कित्येक ठिकाणी ते परवडणार नाही, आणि ज्यांना घर बांधायचं आहे त्यांना दोष कोण देणार? पण पाडण्याआधी नोंद करायला काय जातं? विंचेस्टर कॉलेजने जुने हिशेब जपले, म्हणून तर लाकडाच्या खरेदीपर्यंतची माहिती आज मिळते. आपल्या घरांतही मोडी हिशेबवह्या आहेत. त्या कोठाराबरोबरच रद्दीत जातात.

दर्शनी भाग घराण्याचा मान सांगतो. पण घर कशावर चाललं, किती माणसं जेवली, दुष्काळात काय केलं, हे कोठार, पागा आणि पेव सांगतात. परप्रांतात येऊन आपले पूर्वज नुसते दिवाणखान्यात बसले नव्हते. त्यांनी धान्य भरलं, जनावरं पाळली, हिशेब ठेवले. तो पुरावा मागच्या अंगणात आहे.

म्हणून वाटणीपत्रावर सही करण्याआधी एवढं करा. टेप घेऊन खण मोजा. खांब, तळखडे आणि सांध्यांचे फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, इथे काय ठेवत होते आणि किल्ली कोणाकडे असे. एका रविवारचं काम आहे. ज्यांच्याकडे कोठार अजून उभं आहे, त्यांनी गावाचं नाव आणि मापं खाली जरूर लिहावीत. पावसाळ्याआधी कौलंही चाळून घ्या.