आधी 'आ' करा!

हल्ली माझ्या क्लिनिकमध्ये पंचविशी-तिशीतली गर्दी वाढलीय. शाळेत असताना आईबाबांनी ब्रेसेसचं नाव काढलं की यांनी घर डोक्यावर घेतलेलं असतं, आणि पहिलं इन्क्रिमेंट हातात पडलं की स्वतःच हजर! तेही गुगल करून. त्यामुळे पहिलाच प्रश्न, 'मॅडम, ते छोटे स्क्रू बसवणार का?'

बसवते की! त्याचा फंडा सोप्पा आहे. पुढचे दात मागे ओढायचे तर दोरी कशाला तरी बांधायला हवी. दाढेला बांधली तर रस्सीखेच होते, दाढच पुढे सरकते. म्हणून दोन मुळांच्या मधल्या हाडात टायटॅनियमची ही खुंटी ठोकायची. लांबी सहा ते दहा मिलिमीटर, जाडी दीड-दोन. हिरडी बधिर केली की काही मिनिटांचं काम. जपानच्या कानोमींनी १९९७ साली असे मिनी-इम्प्लांट मांडले. शंभरातले तेरा-चौदा फेल जातात, असं २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. सैल झाला तर दुसरीकडे बसवायचा, काम संपलं की काढून टाकायचा. बस!

पण मध्यंतरी एक आयटीवाला आला. पुढच्या वर्षी लग्न, फोटोत दात आत हवेत. खुर्चीत बसून त्याने 'आ' केला आणि माझा आरसाच नीट आत जाईना. म्हटलं, स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून दाखव. दोनच गेली. गाल आतून पांढुरका, हाताला दोरीसारखे ताठ पट्टे.

'मिसळ खाताना आग होते?'

'हो, पण मला वाटलं ॲसिडिटी.'

'गुटखा?'

'छे हो मॅडम! फक्त सुपारी. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून.'

या 'फक्त'चा मला भारी राग येतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. त्याला झालं होतं ते सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गालाच्या अस्तराखाली तंतूंचं जाळं विणलं जातं आणि तोंड आवळत जातं. केरळात एर्नाकुलमला असे ६६ रुग्ण १७ वर्षं पाहिले, त्यातल्या पाच जणांना कॅन्सर झाला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, साधी सुपारी मात्र अजून पंगतीनंतर तबकातून फिरते.

स्क्रू राहू दे, आधी बायॉप्सी, म्हटल्यावर गडी हादरला. 'त्यापेक्षा लाळेची टेस्ट करू या ना, नेटवर वाचलंय!'

वाचलं ते खरं होतं. २००४ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसांची लाळ तपासून आरएनएवरून तोंडाचा कॅन्सर ९१ टक्के अचूक ओळखला होता. त्या मार्करांत इंटरल्यूकिन-८ आणि इंटरल्यूकिन-वन-बीटा ही दोन नावं आहेत. आता गंमत बघा. वन-बीटा आम्हा तारवाल्या डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचा! दात सरकतो तेव्हा त्याच्या कडेच्या द्रवात हाच रेणू वाढतो, कारण हाड विरघळवायचा निरोप तोच देतो. हिरड्या सुजल्या तरी वाढतो. म्हणजे ब्रेसेस घातलेल्या, ब्रश कसाबसा फिरवणाऱ्या माणसाची लाळ ओरडली, तर ती नेमकी कशाबद्दल ओरडतेय? म्हणून पेशी मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय मी कुणाला 'सुटलास' म्हणत नाही.

आणि नुसतं बघणंही कमी समजू नका. तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून आरोग्यसेवकांनी घरोघरी लोकांची तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ साली छापून आलं. भारी मशीन वगैरे काही नाही, डोळे आणि उजेड! दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड, यातलं काही दिसलं तर दात सरळ करायचं नंतर बघू.

आमच्या हिरोच्या बायॉप्सीत कॅन्सर निघाला नाही. फायब्रोसिस मात्र आहे, आणि तोंड पूर्वीसारखं उघडेल असं मी त्याला सांगितलेलं नाही. सुपारी बंद, तोंड उघडायचे व्यायाम सुरू, दर तीन महिन्यांनी तपासणी. स्क्रू अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत. परवा त्याच्या होणाऱ्या बायकोचा फोन आला. लग्नात तबकातून सुपारी फिरणार नाही, असं तिने जाहीर केलंय म्हणे, आणि आजेसासूबाई तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीयेत.