अंगणातील सावली आणि पडद्यावरील आकाश

चौविहाराची वेळ पाळण्यासाठी मुंबईतील कुटुंब दिनदर्शिकेतील सूर्यास्ताची वेळ पाहते. त्याच दिवशी कोलकात्यातील नातलगांचा सूर्यास्त सुमारे तासभर आधीच झालेला असतो. घड्याळे मात्र दोन्ही घरी एकच वेळ दाखवितात. याचे कारण नववीतील मुलाला विचारावे. ‘एका रेखांशाला 4 मिनिटे’ हे सूत्र तो तत्काळ सांगेल. त्या सूत्राचा आपल्या घरातील ताटाशी असलेला संबंध त्याला सांगता येईलच, असे नाही. भूगोल केवळ गुणांपुरता शिकविला, की असे होते.

रसायनशास्त्राला प्रयोगशाळा हवी हे सर्वांना मान्य असते. भूगोलाची बोळवण मात्र भिंतीवरील नकाशावर होते. वास्तविक या विषयाची पहिली प्रयोगशाळा अंगणात अथवा गच्चीवर विनाखर्च मांडता येते. सपाट जागी ओळंब्याने तपासून एक सरळ काठी उभी करावी आणि तिच्याभोवती वर्तुळ आखावे. सावलीचे टोक दुपारपूर्वी एकदा व दुपारनंतर एकदा त्या वर्तुळाला स्पर्श करते. या दोन वेळांचा मध्य म्हणजे स्थानिक मध्यान्ह. आपल्या पूर्वजांचे शंकुयंत्र ते हेच.

भारतीय प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मुंबई तेथून सुमारे 9 अंश 40 मिनिटे पश्चिमेस आहे. सूत्राप्रमाणे तेथील मध्यान्ह 12 वाजून 39 मिनिटांच्या सुमारास यावी. परंतु नोव्हेंबरच्या आरंभी काठी सुमारे 12.22 दाखविते आणि फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे 12.53. येथे विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. पुस्तकातील उत्तराशी जुळावे म्हणून वहीतील आकडा बदलण्याचा मोह होतो. रोजमेळात जमाखर्च जसा घडला तसाच लिहावयाचा असतो. निरीक्षणाचेही तसेच आहे. न जुळणारा आकडा खोडू नये. त्याचे कारण शोधावे.

ते कारण अंगणात दिसत नाही. येथे आभासी प्रयोगशाळा उपयोगी पडते. ‘स्टेलॅरियम’ हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य मिळते. त्यात स्थळ, दिनांक व वेळ बदलून वर्षभराची मध्यान्हे काही मिनिटांत पडताळता येतात. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सूर्य वर्षातील काही काळ घड्याळाच्या पुढे, तर काही काळ मागे असतो, हे शिक्षकाने मग समजावून द्यावे. मुंबईत 21 जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि 22 डिसेंबरचा सुमारे अकरा तासांचा का, हेही त्याच पडद्यावर उलगडते. ‘इस्रो’च्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील उपग्रहचित्रांत आपले गाव, नदी व धरण शोधता येते.

क्रम मात्र उलटू नये. आधी पडदा दाखविला, तर मूल चित्र पाहून विसरते. उन्हात उभे राहून मनात प्रश्न उपजलेला असेल, तर तेच चित्र त्याला उत्तर वाटते. शाळेत सोय नसेल, तर सुटीच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांसह हा प्रयोग करावा. नवकारशीच्या 48 मिनिटांत पृथ्वी 12 अंश फिरते, हा हिशेब मुलाने स्वतः मांडला, म्हणजे भूगोल त्याचा झाला.