मैदान कुठे आहे, साहेब?

श्रद्धा ही फार महाग वस्तू आहे. ज्याच्याकडे ती असते त्याला तिची किंमत ठाऊक नसते आणि ज्याला ती विकायची असते त्याला ती पैशापर्यंत ठाऊक असते. फुटबॉलच्या बाबतीत आपल्या देशात हेच चालले आहे. खेळावरची लोकांची श्रद्धा नेत्याने फोटोसाठी वापरली, कंपनीने बाजारासाठी वापरली. आणि आपण मुसलमानांनी आपल्या दीनावरची श्रद्धाही त्याच दुकानात नेऊन ठेवली. हे शेवटचे वाक्य काही वाचकांना झोंबेल. झोंबू द्या.

डिसेंबर २०२५ या एकाच महिन्याच्या तारखा पाहा. ५ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये विश्वचषकाची गटवारी ठरली आणि त्या सोहळ्यात फिफाने डोनाल्ड ट्रम्प यांना शांतता पुरस्कार दिला. ८ डिसेंबरला भारतीय फुटबॉल महासंघाचा रिलायन्स समूहाच्या कंपनीशी असलेला पंधरा वर्षांचा करार संपला. नव्या करारासाठी निविदा काढली होती, ती भरायला कोणीही आले नाही. देशाची सर्वोच्च लीग बंद पडलेली, खेळाडू घरी बसलेले. १३ डिसेंबरला मेस्सी भारतात उतरला. कोलकात्यात हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक सॉल्ट लेक स्टेडियमवर गेले. त्यांना मेस्सी दिसलाच नाही, दिसली ती त्याच्याभोवतीची पुढाऱ्यांची आणि बड्या लोकांची गर्दी. थोड्याच वेळात तो निघून गेला, लोकांनी खुर्च्या फोडल्या, आयोजकाला अटक झाली, राज्याच्या क्रीडामंत्र्यांना खाते सोडावे लागले. १४ डिसेंबरला मुंबईत वानखेडेवर मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत कार्यक्रम नीट पार पडला. दौऱ्याच्या शेवटी मेस्सी जामनगरला अंबानींच्या 'वनतारा'त गेला. तिथे त्याने आरती केली, हत्ती-सिंह पाहिले. आणि २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटी क्लबातून अंग काढून घेतले. याच समूहाने २०१९ मध्ये त्या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

मेस्सीने आरती केली यावर माझी काहीही तक्रार नाही. पाहुण्याने यजमानाच्या श्रद्धेचा मान ठेवावा, ही चांगली रीत आहे. काहींनी त्यावरही धर्माचा वाद उकरला. पण खरा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या समूहाच्या हातात पंधरा वर्षे भारतीय फुटबॉलची चावी होती, त्याचा करार संपून आठवडा होत होता, लीगचा पत्ता नव्हता, आणि जगातला सर्वात मोठा फुटबॉलपटू त्यांच्याच घरी पाहुणा होता. आरतीचा फोटो घरोघरी पोहोचला. लीगचा हिशेब कोणाच्या घरी पोहोचला?

तो हिशेब थोडा पाहू. २०१० मध्ये महासंघाने हा करार केला. पंधरा वर्षे, ७०० कोटी रुपये. म्हणजे वर्षाला सरासरी ४७ कोटींच्या आत एका देशाच्या फुटबॉलचे व्यापारी हक्क एका हाती गेले. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते प्रफुल्ल पटेल. ते आमच्याच विदर्भातले, गोंदियाचे, आणि त्या वेळी केंद्रात मंत्री. ते अध्यक्षपदी इतके रमले की मुदत संपल्यावरही निवडणूक झाली नाही. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक नेमले. त्यावरून ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतावर बंदी घातली. ती अकरा-बारा दिवसांत उठली. मग २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया, ज्याच्यामुळे माझ्या पिढीला भारतीय फुटबॉलचे एक तरी नाव पाठ झाले. दुसऱ्या बाजूला भाजपचे कल्याण चौबे. तेही माजी गोलरक्षक, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निकाल लागला ३३ विरुद्ध १. राष्ट्रवादीचे गेले, भाजपचे आले. खुर्चीवरचा झेंडा बदलला, खुर्ची तीच राहिली.

याचा अर्थ कंपनीने काहीच केले नाही असा नाही. २०१४ साली सुपर लीग आली, सामने टीव्हीवर दिसू लागले, वरच्या फळीतल्या खेळाडूंना चांगले मानधन मिळाले. पण घराला रंग देणे वेगळे आणि पाया भरणे वेगळे. महाराष्ट्रातच बघा. महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला. पुण्यात कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आटोपला. पुणे एफसी गेला, एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये गेला. विद्येच्या माहेरघरात एक व्यावसायिक क्लब टिकत नाही. आणि राष्ट्रीय संघ? २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरला, ढाक्यात बांगलादेशकडून हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकातून बाहेर पडला.

कंपनी म्हणजे वाईट, असे मी म्हणत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. त्या काळी कंपनीचा संघ म्हणजे खेळाडूला नोकरी, महिन्याचा पगार, पाय मोडला तरी चूल पेटण्याची हमी. कंपनी खेळाडूला पोसत होती आणि बदल्यात नाव मिळवत होती. आता कंपनी खेळाडूला नाही, 'हक्क' विकत घेते. नफा दिसला नाही की हक्क सोडून देते. नोकरी सोडताना निदान नोटीस द्यावी लागते. इथे तर शेकडो खेळाडूंना हंगाम होणार की नाही हेच महिनोन्महिने कळले नाही. ज्या सुनील छेत्रीला वानखेडेवर मेस्सीच्या शेजारी उभे केले, त्यालाच महिन्याभराच्या आत सहकाऱ्यांसोबत फिफाकडे हात जोडावे लागले, की आमचे फुटबॉल वाचवा. यावर मी वेगळे काय लिहू?

मेलबर्नच्या त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे एक शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ ही आशियाई सुवर्णपदके त्यांच्याच संघांची. मी शिक्षक आहे म्हणून हे नाव अभिमानाने घेतो, आणि मुसलमान आहे म्हणूनही. पण अभिमान कशाचा, हे नीट समजून घेऊ. रहीमसाहेबांकडे सत्ता नव्हती, तेल नव्हते, चॅनेल नव्हते. होते ते एक मैदान आणि पोरांना घडवण्याची जिद्द. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला. तोवर तो गोऱ्या पलटणींच्या संघांकडेच जायचा. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. तो अभिमान घामाचा होता.

आता आजचा आपला अभिमान पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीचा अल नस्र हा क्लब गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो त्या संघात, म्हणून देशभर गाजावाजा. रोनाल्डो आलाच नाही. गोवा १-२ ने हरला, पण ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच पोराने अल नस्रवर गोल केला. आमच्याकडच्या मोबाइलांवर चर्चा कशाची होती? रोनाल्डो नमाज शिकतोय का, तो कलमा पढणार का, याची. ब्रायसनचे नाव किती जणांना ठाऊक झाले?

अल नस्रचा मोठा हिस्सा सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीकडे आहे. हाच निधी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबाचाही मालक. सौदीची तेल कंपनी अरामको फिफाची प्रायोजक. २०३४ चा विश्वचषक सौदीला मिळाला तो ११ डिसेंबर २०२४ रोजी, समोर एकही प्रतिस्पर्धी नसताना. आपण म्हणतो, अलहम्दुलिल्लाह, आपल्या लोकांनी मैदान मारले. कोण आपले लोक? मुंबईतली कंपनी खेळ विकत घेते तेव्हा ती भांडवलशाही, आणि रियाधची तिजोरी तोच खेळ विकत घेते तेव्हा ती इस्लामची शान? हा कुठला इन्साफ?

कतारचा २०२२ चा विश्वचषक आठवा. मोरोक्कोने स्पेन आणि पोर्तुगालला हरवले, खेळाडूंनी मैदानावर सजदा केला, आईला मिठी मारली. मलाही भरून आले. पण ती मैदाने कोणी बांधली? नेपाळ, बांगलादेश, बिहार, तेलंगण, केरळ इथल्या मजुरांनी. त्यातले कितीतरी आपल्यासारखेच पाच वेळा कतारच्या उन्हात सजदा करणारे. कफाला पद्धतीत मजुराचे राहणे, नोकरी बदलणे, देश सोडणे हे सगळे मालकाच्या मर्जीवर असायचे. टीका झाल्यावर कतारने कायदे बदलले, हे मान्य. मृत्यूंच्या आकड्यावर वाद आहे, तोही मान्य. पण थकलेल्या पगारावर वाद नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण दर जुम्म्याला अभिमानाने सांगतो. मग ती मोजपट्टी स्टेडियमच्या दारात का ठेवून येतो? आपल्याच मोहल्ल्यातली पोरे कर्ज काढून आखातात जातात. एजंट पासपोर्ट ठेवून घेतो तेव्हा त्याचा धर्म कोणता हे ती पोरे विचारत नाहीत.

फिफाचे ढोंग मला दिसते. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर चार दिवसांत रशियाला बाहेर काढले. गाझासाठी पॅलेस्टाईनच्या महासंघाने २०२४ मध्ये दाद मागितली, तर समित्या आणि अभ्यास. ऑगस्ट २०२५ मध्ये 'पॅलेस्टाईनचा पेले' म्हणून ओळखला जाणारा सुलेमान ओबेद मदतीच्या रांगेत असताना मारला गेला. युरोपच्या संघटनेने श्रद्धांजली वाहिली, पण तो कसा मेला हे लिहिले नाही. ते विचारायला मोहम्मद सलाहला पुढे यावे लागले. म्हणजे खेळात राजकारण नको, हे फक्त दुबळ्याला सांगायचे वाक्य आहे. हे आपण जरूर बोलू. पण आखाताच्या तिजोरीबद्दल गप्प बसून हे बोललो, तर आपल्या बोलण्याला वजन राहत नाही.

आणि आपले उलेमा? फुटबॉल जायज की नाजायज, चड्डी गुडघ्याच्या वर की खाली, यावर तासभर बयान. २०२२ मध्ये केरळात उलेमांच्या 'समस्ता' संघटनेच्या एका समितीने खेळाडूंच्या कटआउटवर उधळपट्टी नको, व्यक्तिपूजा नको, असे सांगितले. पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले. मला त्यातली अर्धी गोष्ट पटते. व्यक्तिपूजा नकोच. पण उरलेली अर्धी त्यांनीही सांगितली नाही. कटआउटचे पैसे वाचवून पोरांना मैदान द्या, मुलींनाही द्या, असे कोणत्या मिंबरवरून ऐकू आले?

मैदानाचीच गोष्ट निघाली म्हणून आता आपल्या गावाकडे येतो. वानखेडेवर राज्य सरकारने 'प्रोजेक्ट महादेवा'ची घोषणा केली. १३ वर्षांखालची गुणी मुले-मुली निवडून त्यांना शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. नावाला माझी हरकत नाही, योजनेलाही नाही. निवडलेल्या प्रत्येक लेकराचे भले होवो. पण निवड होण्याआधी खेळावे लागते आणि खेळायला जागा लागते. शिक्षण हक्क कायद्याने, २००९ पासून, प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान सक्तीचे केले. गावोगावच्या उर्दू आणि मराठी शाळांत जाऊन बघा. मैदानाच्या रकान्यात 'आहे' असे लिहिलेले असते, आणि ते 'आहे' म्हणजे सायकली लावण्याची जागा असते.

पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. सत्ता कशी चालते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. त्याच डिसेंबरात राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. मेस्सी कुठे उतरला हे ज्यांना तोंडपाठ, त्यातल्या किती जणांनी मत मागायला आलेल्या उमेदवाराला विचारले की शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव जागा कोणत्या? त्यातल्या ताब्यात किती? १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवून घेऊ शकतो. मैदाने अशी जातात. गाजावाजा न होता, कागदावर, एकेक सर्वे नंबर करून.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि राखीव जागांची यादी मागवा. ज्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यांच्याकडे जर्सी मागू नका. ग्रामीण खेळाचे प्रशिक्षण त्या यादीत बसते, ते मागा. मशिदीच्या कमिटीला, मंदिराच्या ट्रस्टला, शाळेच्या संस्थाचालकाला एकाच टेबलाशी बसवा. मैदानाला किब्ला नसतो आणि गाभाराही नसतो, तिथे सगळ्यांची पोरे मावतात.

टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीची मोजणी कॅमेऱ्याच्या चौकटीत होते. प्रश्न विचारणाऱ्याची नोंद नगरपरिषदेच्या आवक रजिस्टरात होते, तारीख आणि शिक्क्यासकट. आपले नाव कुठे असावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.