हंसपद आणि हरताळ

पोथी उतरताना लेखनिकाकडून एखादा शब्द सुटला, तर तो त्या जागी हंसपदाची खूण करी आणि सुटलेला मजकूर समासात लिही. शब्द चुकीचा पडला, तर त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार या रिवाजाशीच जोडला जातो. दोन्ही साधने दुरुस्तीचीच, परंतु त्यांची वृत्ती निराळी. हंसपदाने मूळ ओळ आणि तिच्यावरची पुरवणी, दोन्ही वाचकासमोर राहतात. हरताळाखाली गेलेले बहुधा कायमचे जाते. संकेतस्थळे घडविण्याच्या आजच्या साधनांत सहकाऱ्यांच्या अभिप्रायांसाठी जी अंगभूत सोय असते, तिच्यात या दोन्ही वृत्ती एकत्र नांदताना दिसतात. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते ते यासाठीच.

ही सोय आहे तरी कशी? २०१६ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'फिग्मा'त पानाच्या आराखड्यावर हव्या त्या जागी खूण रोवून अभिप्राय लिहिता येतो. लिहिणाऱ्याचे नाव आणि वेळ त्यासोबत राहते. उत्तर-प्रत्युत्तर तेथेच, एकाखाली एक साठत जाते. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'वर्डप्रेस'च्या ६.९ या आवृत्तीने लेखातील एकेका परिच्छेदाला टिपण जोडण्याची अशीच व्यवस्था केली. प्रकाशित पानावर यांतले काहीही उमटत नाही. हा संवाद घडविणाऱ्यांपुरताच असतो. प्रत्येक अभिप्रायाला एक कळ मात्र जोडलेली असते: 'निकालात काढा'. ती दाबली की खूण नजरेआड होते. खूण रोवणे हे हंसपद, ती कळ हा हरताळ.

आमच्या मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी या सोयीची गरज पुण्या-मुंबईहून अधिक आहे, कमी नाही. येथील एखाद्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ करावयाचे झाले, तर मजकूर मराठीच्या प्राध्यापकांकडे, आराखडा नागपूरच्या कुणा व्यावसायिकाकडे आणि अंतिम मान्यता संस्थाचालकांकडे, अशी कामाची वाटणी होते. सूचना जातात व्हॉट्सॲपवरून. 'दुसऱ्या पानावरचा तो शब्द बदला' असा निरोप येतो; दुसरे पान कोणते आणि शब्द कोणता, हे विचारण्यात दोन दिवस जातात. या तालुक्यात कोलाम समाजाची वस्ती आहे. त्या नावातला एक काना गळला की 'कोलम' होते, म्हणजे तांदळाचा एक वाण. मराठीच्या शिक्षकास ही चूक तत्काळ दिसेल. पण ती नेमक्या जागी बोट ठेवून सांगण्याची सोय त्याला नसेल, तर ती तशीच प्रसिद्ध होईल. आणि ज्या तालुक्याविषयी महाजालावर मुळातच थोडे लिहिलेले आहे, तेथे अशी चूक लवकर 'संदर्भ' होऊन बसते.

नेमक्या जागी, नावानिशी मतभेद नोंदविण्याची रीत आपल्याला परकी नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते अनेकांच्या आठवणी विचारून, पारखून. पुढे मूळ ग्रंथ धामधुमीत नाहीसा झाला आणि अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. स्मरणे अर्थातच जुळली नाहीत. तेव्हा त्या मंडळींनी काय केले? एखाद्या लीळेत हिराइसेचा पाठ निराळा, परशरामबासांचा निराळा, रामेश्वरबासांचा आणखी वेगळा, असे नाव घेऊन नोंदविले. भिन्न पाठास 'वासना' म्हटले, चौकशीअंती हाती आलेल्या अधिक तपशिलास 'शोधु'. मतभेद मजकुराच्या पोटातच राहिला. म्हणूनच १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींची मते कोठे जुळत नव्हती, हेही अभ्यासकांपुढे होते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे याच शिस्तीचे आधुनिक रूप. नाकारलेले पाठ तळटीपांत दिले गेले. स्वीकारलेला पाठही जेथे पुरेसा निश्चित वाटला नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली गेली. निर्णय झाला, आणि निर्णयातली शंकाही उघड राहिली.

आता आक्षेप असा येईल की संकेतस्थळ म्हणजे महाभारत नव्हे. ते ठरल्या तारखेस सुरू व्हावे लागते, आणि शेकडो खुणांनी भरलेल्या आराखड्यावर काम होत नाही. आक्षेप रास्त आहे. गळलेला काना, चुकलेला दूरध्वनी क्रमांक, उलटे लागलेले छायाचित्र यांवर खुशाल हरताळ फासावा. पण कोलाम समाजाचा परिचय कोणत्या शब्दांत करावा, बोलीतला शब्द ठेवावा की प्रमाण, इंग्रजी पान आधी उघडावे की मराठी, हे दोष नसून मतभेद आहेत. त्यांना 'निकालात काढा' ही कळ लागू करणे म्हणजे वादाला चूक समजणे होय. आणि ती कळ दाबण्याचा मान सहसा पदाने मोठ्या असलेल्याकडेच जातो, हे आपल्या संस्थांत कोणास सांगावयास नको. कनिष्ठ अधिव्याख्यात्याने सभेत न उच्चारलेली हरकत समासात निदान लिहिली जाते. ती कारण न देता नाहीशी करता येत असेल, तर समासही सभेसारखाच होईल.

म्हणून आम्ही एवढेच सुचवितो. अभिप्राय माणसाविषयी नसावा, ओळीविषयी असावा. मतभेद मिटविताना कोणता पर्याय का घेतला, ते त्याच टिपणाखाली एका वाक्यात लिहावे आणि मगच कळ दाबावी. ही साधने कंपन्यांच्या मालकीची आहेत. खाते बंद झाले की आतले सारे हातचे जाऊ शकते. तेव्हा काम संपल्यावर महत्त्वाचे वाद उतरवून विभागाच्या दप्तरी ठेवावेत.

पाठचिकित्सा हा विषय आपल्या वर्गांत बहुधा प्रश्नपत्रिकेतील टिपेपुरता उरला आहे. विभागाचे संकेतस्थळ घडवू पाहणाऱ्या चार विद्यार्थ्यांना वासना आणि शोधु यांचा अर्थ आधी सांगितला, तर त्या विषयाला पुन्हा काम मिळेल; आणि दहा वर्षांनी ते पान वाचणाऱ्यास मारेगावात कोणत्या शब्दावरून वाद झाला होता, हेही कळू शकेल.